आक्कांनी अंगणात बांधलेली दोरी

पंचवटीच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेतली, तेवढ्यात थोरल्या दिरांचा, दादांचा फोन आला. "शोभा, आक्का गेली." दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. त्याला आता महिना होत आला. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई.

लग्न होऊन मी लासलगावजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा त्या घरात मला पहिल्यांदा जवळच्या वाटल्या त्या आक्काच. माझी पाळी आली तशी त्यांनी मला गोठ्यामागची अंधारी जागा दाखवली. तिथे पोत्याखाली आमची कापडं वाळायची. वाळायची कसली, दमटच राहायची. काही महिन्यांत मला खाज, जळजळ सुरू झाली, अंगावरून पांढरं जाऊ लागलं. सांगायचं कुणाला? आक्कांनी माझं अवघडून चालणं पाहूनच ओळखलं. "मलाबी हाय गं, लय वर्सं झाली," भांडी घासता घासता त्या म्हणाल्या. "बाईला असायचंच, म्हणून गप ऱ्हायले. पन तू नको गप राहू."

बांगड्या भरायचं निमित्त सांगून त्यांनी मला लासलगावला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, औषध लिहून दिलं आणि सहज आक्कांकडे वळून विचारलं, "तुम्हाला काही त्रास?" आक्का पदराशी चाळा करत राहिल्या... आणि मग बोलायला लागल्या त्या थांबेचनात. पुढे त्यांच्या तपासण्या झाल्या. जुन्या जंतुसंसर्गाने गर्भनलिका बंद झाल्या होत्या. तो कशाने सुरू झाला हे आता सांगता येणार नाही, पण वेळेवर उपचार झाले असते तर कदाचित मूल झालं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मूल नाही म्हणून आक्कांनी किती ऐकून घेतलं होतं! उपास केले, नवस केले, डोहाळजेवणाला गेल्या तर ओटी भरायला त्यांना कुणी पुढे होऊ देत नसे. तपासण्यांचा अहवाल घेऊन परतताना त्या एसटीच्या खिडकीशी बसल्या. "नशीब नव्हतं शोभा ते," त्या म्हणाल्या, "दुखणं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणात, भर उन्हात दोरी बांधली आणि साबणाने धुतलेली आमची कापडं तिच्यावर घातली. सासूबाई कडाडल्या, "लाज सोडली का गं?"

"आत्याबाई, कापडं वाळत घातलीत, लाज नाय," आक्का म्हणाल्या आणि चिमटे लावत राहिल्या. सासूबाईंनी कितीतरी दिवस अबोला धरला. कापडं मात्र दोरीवरच वाळली.

संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून गोळ्या दादांनीही घ्यायच्या होत्या. "मला काय झालंय? मी नाय खानार बायकांच्या गोळ्या." आक्कांनी ताट पुढे केलं, भाकरीवर गोळी. "आधी ही, मग कालवण." दिवसभर शेतात राबून आलेला माणूस... मुकाट्याने गिळली.

मग कांदे काढायला बायका जमल्या, की आक्का हा विषय काढायच्या. आधी बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पुढे एकेक जण घरी येऊ लागली. "लपवू नको, दवाखान्यात जा, नवऱ्यालाबी ने," आक्का सांगायच्या. एखादी घाबरली तर स्वतः सोबत जायच्या. त्यातल्या कुणाला मूल झालं, की त्याचं पहिलं टोपडं आक्का शिवायच्या. ते बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या आक्कांकडे बघवायचं नाही... आणि नजरही काढवायची नाही.

मागच्या आठवड्यात गावी गेले होते. दादा पुढच्या खोलीत एकटेच बसले होते. दारात शेजारच्या घरातली एक तरुण सून येऊन घुटमळली. "आक्का नायत, ठावं हाय मला," ती हळूच म्हणाली, "पन आता इचारू कुनाला?"

मी काही बोलायच्या आत दादा उठले. कुणी बाई आक्कांकडे आली, की आपण बाहेर जाऊन बसायचं, ही सवय त्यांना आक्कांनीच लावलेली. त्यांनी टोपी घातली. "बस पोरी, शोभा हाय," म्हणाले आणि बाहेर जाऊन दार हलकेच ओढून घेतलं.