आप्पांची गुलाबी टोपी

आप्पांची टोपी रोज वेगळ्या रंगाची असायची. कधी फिकट निळी, कधी गुलाबी, आणि नशीब जोरावर असलं तर पांढरीशुभ्र. पांडेसऱ्यातल्या आमच्या डाइंग मिलमध्ये नव्याने आलेल्यांना वाटायचं, म्हातारा हौशी आहे. हौस कसली! मिलचं रंगीत पाणी शुद्ध करून बाहेर सोडणारा प्लांट ते चालवत. रोज सकाळी शेवटच्या टाकीतून निघणाऱ्या पाण्यात आपली टोपी धुवायची, टोपीला रंग चढला की पाणी नापास. काकू बमरोलीच्या खोलीत ती रोज सोड्यात घासून पुन्हा पांढरी करायच्या आणि नवऱ्याच्या नावाने बोटं मोडायच्या. आप्पा आपल्या अहिराणीत म्हणत, "लॅबना रिपोर्ट चार दिनमा येस. मना रिपोर्ट मना डोकावर शे."

मी त्याच मिलमध्ये सीएसआरचं काम पाहायची. म्हणजे शाळेत दप्तरं वाटायची, रोपं लावताना साहेबांचे फोटो काढायचे आणि वर्षअखेरीस चकचकीत कागदावर अहवाल छापायचा. 'आमच्या पाण्याचा प्रत्येक थेंब शुद्ध होऊनच बाहेर जातो' हे वाक्य मी दोन वर्षं लिहिलं, प्लांटचं तोंडही न पाहता. एकदा फोटोसाठी तिकडे गेले तर आप्पांनी विचारलं, "ताई, हाई वाक्य कोनी लिखं?" कौतुक होणार अशा थाटात मी म्हटलं, "मी." "मंग इथे येवाले इतला दिन का लागनात?" मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

मग मी रोज जाऊ लागले. पाणी नापास झालं की आप्पा बाहेरचा पंप बंद करून ते पहिल्या टाकीत परत घेत. टाक्या भरल्या की वर कापड रंगवणारी यंत्रं थांबत आणि रंगखात्याचे मास्तर शिव्या देत खाली येत. आप्पा तिथेच बसून कळण्याची भाकरी मोडत. "घाई नका करा भाऊ, पानी अजून कच्चं शे." त्यांच्या या हट्टाचा मला इतका अभिमान वाटायचा की जणू तो माझाच आहे.

पुढे परदेशी गिऱ्हाईक आमची 'हरित मिल' पाहायला येणार असं ठरलं. विजेच्या बचतीसाठी टाक्यांत हवा सोडणारं मशीन साहेबांनी आठ दिवस बंद ठेवलं होतं. पाणी गडद गुलाबी येत होतं, आणि आप्पांनी बंद केलेला पंप साहेबांच्या हुकुमाने पुन्हा सुरू होत होता. साहेब कोरी टोपी घेऊन आले आणि गुजरातीत म्हणाले, "आप्पा, आजे तो नवी टोपी पहेरो ने!" सोबत रजिस्टरही होतं, पाणी शुद्ध आहे म्हणून सही करायला. आप्पांनी नवी टोपी रजिस्टरवर ठेवली, दोन्ही परत सरकवली आणि गुलाबी टोपी घालून पाहुण्यांसमोर उभे राहिले.

पाहुण्यांतल्या एकीने टोपीच्या रंगाचं कारण विचारलं. दुभाषी मी होते. आप्पा म्हणाले, "सांग त्यासले, आठ दिनथिन हवानं मशीन बंद शे." साहेब माझ्याकडे पाहत होते. मी इंग्रजीत सांगितलं, यांना हा रंग फार आवडतो. पाहुणे हसले. एकाने आप्पांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण मशीन बंद आहे हे ऐकून कुणी हसत नाही एवढं त्यांना कळत होतं.

आठवडाभरात त्यांना काढलं. मी गेटपर्यंत गेले. मला वाटलं होतं, ते मला झोडपतील. ते शांतपणे म्हणाले, "मनी सही त्यासले भेटनी नही, ताई. तुना शब्द मातर भेटना." आणि रिक्षात बसले. ते गावी धुळ्याकडे परतल्याचं नंतर कळलं. माफी मागायची राहून गेली. त्याची लाज मला आजही वाटते.

अहवाल छपाईला निघाला तेव्हा मी ते वाक्य खोडलं. साहेबांनी परत घातलं. मी पुन्हा खोडलं आणि सोबत राजीनामा ठेवला. साहेब वैतागून म्हणाले, "कारण शुं लखुं?"

"लिहा, पाणी साफ नव्हतं."

त्यांनी ते लिहिलं नाही. म्हणून मी लिहिते आहे.