रहाटाशेजारी झोपणारा गोमा

रहाटाला तेल घालणारी बाई, अशी चौलातल्या आमच्या आळीत माझी ओळख होती. आता तुम्ही म्हणाल, त्यात चुकलं काय? अहो, वाडीतला रहाट कुरकुरतो तो कुरकुरण्यासाठीच, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. रेडा गोल फिरतो आहे, विहिरीचं पाणी पाटाने सुपारीच्या आळ्यांत पोचतं आहे, गडी जागा आहे, ही सगळी बातमी घरात बसलेल्या बाईला त्या कुरकुरीतून कळते. ती थांबली की बाईने पडवीतून खणखणीत हाक मारायची. मी शहाणीने मात्र, दुपारी डोकं उठतं म्हणून, उंडीच्या तेलाची अख्खी बाटली रहाटाच्या कण्यात ओतली. वर बिचाऱ्या रेड्याचे श्रम हलके केले म्हणून स्वतःवर खूश! माझं हे नाव आळीभर करणारा आमचा गडी गोमा गेल्या महिन्यात गेला. त्याची सून सांगायला आली होती. "दुपारचे जेवून निजले, ते उठलेच न्हाय," म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगते, त्या पाण्यातही मनात आलंच... गोमाला झोपेतून उठवणं कधी कुणाला जमलं होतं!

देशाला नुकतंच स्वातंत्र्य मिळालं होतं, मला मिळायचं होतं. लग्न झालेलं, हे मुंबईला कचेरीत, गिरगावात खोलीसुद्धा घेतलेली. तेवढ्यात मामंजी गेले आणि वाडी, दोन गाई आणि तो रेडा माझ्या गळ्यात पडले. "भरवशाचा माणूस मिळू दे, लगेच तुला घेऊन जातो," हे प्रत्येक खेपेला ह्यांचं ठरलेलं वाक्य. मी ट्रंक भरून ठेवायची, गडी पळून जायचा, मी ट्रंक उपसायची. एकाला गाईची भीती वाटायची. तो गवताची पेंढी लांबून फेकायचा, नेमकी शेणात. दुसरा हरिहरेश्वराच्या दर्शनाला म्हणून गेला तो गेलाच, देव अजून त्याला सोडत नसावा. तिसऱ्यापुढे मी मुंबईचं इतकं वर्णन केलं की एका सकाळी तो रेवसला जाऊन लाँचमध्ये बसला. मी मुंबईला जावं म्हणून ठेवलेला माणूस माझ्याआधी मुंबईला पोचला. माझ्या अकलेचे आणखी किती दाखले देऊ?

मग गोमा आला. काटकुळा, उंच, आणि तोंडाने सदैव स्वतःचीच आरती. "वैनी, रेडा माजा ऐकतो, गाय माजी ऐकते. तुमी खुशाल जावा." ते खोटं नव्हतं. आमची मारकी तांबू त्याच्यासमोर मान खाली घालून उभी राहायची. फक्त गोमा कुणाचं ऐकायचा नाही. "आलो, आलो" म्हणायचा आणि कूस बदलायचा. तरी मी ह्यांना कळवून टाकलं, माणूस मिळाला, न्यायला या.

ज्या दिवशी दुपारी हे यायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी मी ते तेल घातलं होतं. इरकली नेसून, वेणी घालून, भरलेल्या ट्रंकेवर मी राणीसारखी बसले होते. वाडीत कशी शांतता! मी म्हटलं, वा, रहाट काय गुळगुळीत चालला आहे... इतक्यात कुंपणाच्या बेड्यातून हे आत आले, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आमच्या रेड्याचं दावं, आणि रेड्याच्या तोंडात शेजाऱ्यांच्या केळीचं अख्खं पान. सुपारीची आळी कोरडी ठणठणीत. गोमा विहिरीच्या कठड्याला टेकून घोरत होता. घटकाभर विसावा म्हणून त्याने रेडा सोडला होता.

"मेल्या, झोपा काढतोस?" मी किंचाळले.

तो डोळे चोळत शांतपणे म्हणाला, "रहाट थांबला की तुमी वरडता, मंग मी उठतो. आज तुमी वरडलाच न्हाय. मला वाटला, चालूच हाय."

मी त्याच्या भरवशावर, तो माझ्या भरवशावर आणि रेडा शेजाऱ्यांच्या केळीत! ह्यांना हसू आवरेना. पण कोरडी आळी बघून हसू मावळलं. "पुढच्या खेपेला बघू," म्हणाले, आणि दोन दिवसांनी एकटेच परत गेले. मी ट्रंक पुन्हा उपसली. एकेक लुगडं फळीवर आपटत होते आणि गोमाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

ती पुढची खेप कधी आलीच नाही. गोमाला काढायचं तर दुसरा आणायचा कुठून? आणि ठेवायचा तर त्याला उठवायला मी हवीच. शेवटी हेच कंटाळले आणि मुंबईची नोकरी सोडून अलिबागच्या कचेरीत लागले. रेड्यापायी नोकरी सोडली, असं भाऊबंद हसले. मीही कितीतरी दिवस फुरंगटून होते. गिरगावातली ती खोली मी शेवटपर्यंत पाहिली नाही. पण संध्याकाळी हे पडवीत चहा घेत बसलेले दिसायचे, आणि माझं फुरंगटणं काही फार टिकेना...

अशाच एका संध्याकाळी गोठ्यात गेले, तर गाई पाण्यावाचून हंबरताहेत आणि गोमा गवताच्या ढिगावर पसरलेला. माझा तोल सुटला. "तुझ्यापायी माझी मुंबई गेली रे!" म्हटलं. तो उठला नाही. पडल्यापडल्याच त्याने पडवीत चहा घेणाऱ्या ह्यांच्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "वैनी, मी कामाचा असतो, तर दादा घरी आला असता व्हय?"