माहेरचा कॉम्प्युटर

माझ्या वडिलांच्या नांदेडच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा जुने लिलावात निघाले. त्यातला एक वडिलांनी घेतला आणि लातूरला माझ्या सासरी आणून दिला. सासूबाईंनी मॉनिटरवर टिचकी मारून पाहिली. "त्यापरिस टीव्ही दिला असता तर बघितला तरी असता," म्हणाल्या. तेव्हापासून घरात त्याला सगळे 'नांदेडचं भंगार' म्हणायचे.

त्याला जागा मिळाली अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत. ती सासऱ्यांनी भूकंपानंतर बांधली होती. स्लॅबखाली झोपायचं नाही, असं तेव्हा निम्म्या गावानं ठरवलं होतं. पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, उदगीर-किनवटकडची पोरं खोल्या शोधत दारोदार फिरू लागली आणि आमच्या स्लॅबच्या खोल्या भाड्यानं गेल्या. आम्ही पत्र्याखालीच राहिलो. सासऱ्यांची भूकंपाची भीती गेली नव्हती, पण स्लॅबखाली लोकांची पोरं झोपली तर त्यांना चालत होतं.

मला टायपिंग येत होतं. एका मोठ्या क्लासच्या प्रश्नपत्रिका मी घरी टाइप करून द्यायची. एप्रिलमध्ये पत्रा असा तापायचा, की कॉम्प्युटर अर्ध्या पानावर हँग व्हायचा. मग मी कॅबिनेटचं झाकणच काढून टाकलं आणि त्याच्या उघड्या पोटासमोर टेबल फॅन लावला. घाम मला, वारा त्याला. सासूबाई येता-जाता विचारायच्या, "काय करायलीस गं? डब्याला वारा घालायलीस व्हय?"

एक दिवस त्या क्लासचे सर म्हणाले, "पुढच्या वर्षी जीवशास्त्राचे पेपर आकृत्यांसकट पाहिजेत. तुमच्याकडं होणार असेल तर वर्षभराचं सगळं काम तुमचं." ते वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. लग्न झाल्यापासून 'हे तुमचं' म्हणून माझ्या हातात कुणी काही ठेवलं नव्हतं.

पण आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर त्या मशीनवर उघडायलाच तयार नव्हतं. दुकानदार म्हणाला, नवाच घ्या. नवा कुठून घेणार? टायपिंगच्या पैशातून मी एकेक पार्ट आणत गेले. आधी मोठी हार्ड डिस्क, मग प्रोसेसर, शेवटी रॅम. दुकानात बघून बघून शिकले होते, म्हणून बसवलं सगळं मीच. रॅम बसवल्यावर स्क्रीन काळाच राहिला आणि आतून नुसती पी-पी. रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासले, पुन्हा दाबून बसवली. सुरू झाला! सॉफ्टवेअर उघडलं आणि मी एकटीच त्या खोलीत मोठ्यानं हसले.

तो आवाज ऐकून धाकटे दीर आत आले. ते स्वतःचा क्लास काढायच्या खटपटीत होते. दोन मिनिटं माउस फिरवून बघितला आणि म्हणाले, "वहिनी, आपला कॉम्प्युटर तर लई फास्ट झाला की!"

आठवड्याच्या आत त्यांच्या क्लासचं उद्घाटन झालं. नारळ फुटला, पेढे वाटले आणि माझा कॉम्प्युटर गळ्यात झेंडूचा हार घालून त्यांच्या टेबलावर बसला. मला कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याला गाठून म्हटलं, "पार्ट मी माझ्या पैशानं आणलेत."

"माझं-तुझं काय लावलंस? घरातच तर हाय. तुला टाइप करायचं तर तिथं जाऊन कर."

"आणि सरांचे पेपर?"

"वेडी का काय? ते आता आपल्या विरोधातले."

जूनमध्ये सर पहिल्या पेपरचा मजकूर घेऊन दारात आले. मी स्वयंपाकघरात होते, उठेपर्यंत सासूबाई पुढं झाल्या. "हाय की घरात. पण ती आता घरच्या क्लासचं करते, बाहेरचं न्हाई घेत." किती अभिमानानं सांगितलं! सर "छान, छान" म्हणाले आणि आल्या पावली परत गेले. मी पिठाचे हात घेऊन दाराशी पोचले तेव्हा ते कोपऱ्यावर वळत होते. हाक मारायला तोंड उघडलं, पण सासूबाई माझ्याकडंच बघत होत्या.

"तुझ्या भाऊजींनी आकृत्यांसाठी बोलावलंय," त्या म्हणाल्या. "पोरांचे डबे भर आणि जा."

मी भाडेकरू पोरांचे डबे भरले आणि गेले. दिरांच्या क्लासमध्ये खुर्चीवर बसले, पानाच्या वर त्यांच्या क्लासचं नाव टाइप केलं आणि आकृत्यांचं सॉफ्टवेअर सुरू केलं. ते एका झटक्यात उघडलं. इतक्या झटक्यात उघडलं, याचाच मला संताप आला.