पाला कडू लागला म्हणून

दरवर्षी पेरणीच्या आधी सून मला तिच्या कॉलेजात नेते. वाशीमकडच्या मालेगावच्या अलीकडचं कॉलेज, हायस्कूलही त्याच आवारात. दिवसभर पोरापोरींना संकटात काय करायचं ते शिकवतात. आग, वीज, विहिरीत पडलेला माणूस, हे सगळं सून पडद्यावर दाखवते. साप चावण्याचा तास माझा. माझ्याकडे पडदा नाही, पिशवीत कडुलिंबाचा पाला असतो.

पोरं आधी हसतात. मी हसू देते. मग दोन-दोन पानं वाटते. "खा. थुकायचं नाही. म्हातारीचा मान ठेवा." तोंडं वाकडी झालेली बघायला मला फार आवडतं.

"कडू लागलं?"

"लय कडू, आजी."

"मंग तुमाले विष नाही चढलं. जा घरी."

यंदा एक मुलगी म्हणाली, "आमच्या गावात साप चावला का अजून असंच पाला देऊन पायतात." त्यावर कोणी हसलं नाही.

मग मी माझी गोष्ट सांगते. तेव्हाची मी म्हणजे दहावी पास सून, अख्ख्या गल्लीत एकटी. थर्मामीटर वाचता यायचा, म्हणून बाया मला अर्धी डॉक्टरीण समजत, आणि मी स्वतःला पुरती. चालायची अशी, जसा काही सरकारी दवाखाना माझ्याच कमरेला किल्लीसारखा लटकलाय.

कामरगावकडे आमचा भाजीचा मळा. घरची माणसं वाशीमला लग्नाला गेलेली, मळ्यात मी आणि धाकटी नणंद. ती कॉलेजात शिकत होती. सकाळी मेथी उपटताना तिच्या बोटाला काहीतरी लागलं. दोन बारीक टिपके. साप कोणी पाहिला नाही. मी लिंबाची डहाळी मोडली, पाला चावायला दिला.

"कडू लागते, वहिनी."

"मंग कायले भेतं? काटा टोचला असन. जुड्या बांध."

तिने बांधल्या. थोड्या वेळाने म्हणाली, पापण्या जड झाल्यात. मी म्हटलं, जागून वाचतेस, दुसरं काय. पुन्हा पाला दिला, तोही कडूच लागला. विष चढलं तरी जीभ काही सांगत नाही, हे त्या डॉक्टरणीला ठाऊक नव्हतं. ऊन डोक्यावर यायच्या आत नणंद गेली.

एवढं सांगून मी दरवर्षी पुढे सरकते. हात हलू द्यायचा नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी करकचून आवळायची नाही. देवळात न्यायचं नाही, माझ्यासारखीकडे तर नाहीच. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

मग सराव. यंदा एका मुलीला सतरंजीवर निजवलं आणि तिच्या हाताला मोजपट्टी ओढणीनं बांधली. निजल्या निजल्या तिनं विचारलं, "आजी, तवा तुमच्याकडं गाडी नव्हती का?"

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. जुना काळ, गाडी कुठली, असं सगळे धरून चालतात. मी चालू दिलं. घरच्यांनी तेव्हा ओळखलं असेल, पण कोणी बोललं नाही. सुनेला तर गाडीचं काहीच ठाऊक नाही. ती दाराशी उभी होती.

"होती वं बाई," मी म्हटलं. "भाजी न्यायची जीप बांधावर उभी होती. नणंद म्हणे, वहिनी, मी हिच्यातच बसून दवाखान्यात जातो."

"मंग?"

"जागा नव्हती. दोन गठ्ठे उतरवले असते तर झाली असती. मी म्हटलं, कडू लागून राह्यलं ना, मेथी सुकून जाईन. अन् जीप जाऊ देली."

मुलगी उठून बसली. सून माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"निज बाई," मी मुलीला म्हटलं. "हात हलवू नको."