विश्वासरावांचा संगमरवर

देवासला कुणाच्याही घरी सकाळी गेलात तर पोहे मिळतात, पोह्यांवर शेव मिळते आणि वर पिळायला लिंबाची फोड मिळते. शितोळ्यांकडे पोहे मिळत, शेवही मिळे. लिंबू मिळत नसे. एकदा कॉलनीत नव्याने राहायला आलेल्या शेजाऱ्याने सहज मागितलं, तर विश्वासराव शितोळे खुर्चीतून ताडकन उठले. पाहुण्याने रॉकेल आणि काडेपेटी मागितली असती तरी ते इतके दचकले नसते.

"भिया, लिंबू बाहेर ओट्यावर मिळेल," ते म्हणाले. "इथे नाही. इथे मकराणा आहे."

शेजाऱ्याला वाटलं, मकराणा हे घरातल्या कुत्र्याचं नाव असावं. त्याने घाईघाईने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. विश्वासराव खूश झाले. पाहुण्याने असंच बसावं अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती.

मकराणा म्हणजे हॉलमधली फरशी. पांढराशुभ्र संगमरवर, इतका गुळगुळीत की वरची ट्यूबलाईट खाली वाचता यावी. विश्वासरावांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली होती आणि सगळी नोकरी सरकारी क्वार्टरांत. त्या क्वार्टरांतल्या कोब्याला खड्डे असत, खड्ड्यांत पाणी साचे, आणि दर पावसाळ्यात अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, पाटाखाली विटेचा तुकडा सरकवून स्वयंपाक करीत. माहेरी थोरल्या म्हणून त्या अक्का होत्या. पुढे सासर, शेजार आणि भाजीवालाही त्यांना अक्काच म्हणू लागला. तर निवृत्तीनंतर टेकडीच्या पायथ्याशी घर बांधायचं ठरलं, तेव्हा सगळे म्हणाले टाइल्स लावा. इंदूरला राहणारा मुलगा वीरेंद्रही तेच म्हणाला. विश्वासरावांनी कुणाचंच ऐकलं नाही. ते स्वतः राजस्थानात मकराण्याला गेले. तिथल्या दुकानदाराने लादीवर बोट टिचकावून टण्ण आवाज काढला आणि म्हणाला, "साब, ये पत्थर नहीं, खानदान है।"

खानदान हा शब्द कानावर पडला की विश्वासरावांचा भावताव संपे. त्यांचे पणजोबा देवासच्या दरबारात होते, असं ते सगळ्यांना सांगत. दरबारात नेमके काय होते, ते सांगत नसत.

फरशी बसली आणि घरचे नियम बदलले. चपला फाटकाजवळ. मोजे घातलेले असतील तर तेही झटकून. दही, चिंच, टोमॅटो, लोणचं, कैरी यांना हॉलमध्ये मज्जाव, कारण आंबट थेंब पडला की संगमरवर जळतो आणि तिथली चकाकी जाते. तेलही नको, कारण तेल मुरतं. हळदीचं तर नावच नको. कामवाल्या बाईला हॉल पुसायची बंदी झाली, आणि ती तिने इतक्या आनंदाने स्वीकारली की विश्वासरावांना जरा संशयच आला. मग रोज सकाळी ते स्वतः आधी मऊ कोरड्या कपड्याने धूळ टिपत, कारण वाळूचा कण राहिला तर ओरखडा उमटतो. नंतर साध्या सौम्य साबणाचं पाणी, नंतर स्वच्छ पाणी, नंतर पुन्हा कोरडं फडकं. अंघोळ त्यानंतर. देवपूजा वेळ उरला तर.

"देवघरातलं सोवळं सुटलं," अक्का मैत्रिणींना सांगत, "आणि हॉलमधलं सुरू झालं."

नात ईशानीचा वाढदिवस झाला तेव्हा अननसाचा केक फाटकाबाहेर, रस्त्यावर उभं राहून कापला गेला. "आजोबा, पाऊस येऊन राहिला आहे," ती म्हणाली. "येऊ दे," आजोबा म्हणाले. "पावसाचं पाणी आंबट नसतं."

हे सगळं अक्कांनी तीन वर्षं चालवून घेतलं. चौथ्या चैत्रात त्या म्हणाल्या, "यंदा चैत्रगौरीचं हळदीकुंकू आपल्या घरी. हॉलमध्ये."

विश्वासरावांना क्षणभर ऐकू आलं नाही. मग सगळं एकदम ऐकू आलं. चैत्रातलं हळदीकुंकू म्हणजे कैरीची डाळ. कैरीचं पन्हं. हातात हळद. आणि कॉलनीतल्या, शिवाय धारहून येणाऱ्या नात्यातल्या बायका. संगमरवराच्या जिवावर उठायचं ठरवून कुणी बेत आखला असता, तरी याहून चांगला जमला नसता.

"पन्ह्याऐवजी सरबत ठेवू. खसचं," त्यांनी सुचवलं.

"बरं. आणि डाळीत कैरीऐवजी काय घालू? काकडी?"

"चालेल की!"

"आणि हळदीऐवजी?"

विश्वासराव विचारात पडले. ते खरंच विचार करताहेत हे पाहून अक्कांनी हातातली परात ओट्यावर इतक्या जोरात ठेवली की विषय तिथेच संपला.

मग विश्वासरावांनी आपला उपाय केला. शेतकरी सोयाबीनचा ढीग झाकायला नेतात तसलं जाड प्लास्टिक त्यांनी आणलं आणि हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी हॉलभर अंथरलं. रुंदी पुरली नाही, म्हणून दोन पट्टे शेजारी शेजारी टाकले आणि मधल्या सांध्यावर चिकटपट्टी लावली. गौरीची आरास, झोपाळ्यातली अन्नपूर्णा, कलिंगडाचं कोरलेलं कमळ, सगळं मांडून झालं, आणि भोवती ते निळं प्लास्टिक. गौर माहेराऐवजी मंडीच्या गोदामात उतरल्यासारखी दिसत होती.

बायका आल्या. एप्रिलचं ऊन, हॉल भरलेला, प्लास्टिक तापलेलं. बसणारीचं लुगडं चिकटे, उठणारीला चर्र असा आवाज येई आणि बाकीच्या तोंडाला पदर लावत. बायकांच्या कार्यक्रमात पुरुषाला जागा नाही, म्हणून विश्वासराव आतल्या खोलीच्या दाराआड उभं राहून प्रत्येक चर्र मोजल्यासारखा ऐकत होते.

शेवटी धारहून भवानीबाई आल्या. ह्या विश्वासरावांच्या थोरल्या चुलत बहीण, घराण्यातलं सगळ्यात वडील माणूस. बसणं, उठणं, पाणी मागणं, सगळं जुन्या रिवाजाप्रमाणे. त्यांनी दारात उभं राहून प्लास्टिक डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "विश्वास कुठाय?"

विश्वासराव दाराआडून बाहेर आले. "या, बाईसाहेब."

"आपले पणजोबा दरबारच्या फर्रासखान्यात होते. गालिचे अंथरायचं काम. महाराजांच्या पायाखाली सुरकुती दिसली तर दंड व्हायचा. आणि तू हे अंथरलंस?"

दरबारातल्या त्या पदाबद्दल कॉलनीत निरनिराळे तर्क होते. कुणी सरदार म्हणे, कुणी खजिनदार. आज उलगडा झाला. शेजारीणबाईंनी कुंकवाची कोयरी घट्ट धरली आणि हसू गिळलं. विश्वासरावांना त्या क्षणी आपण फरशीच्या खाली असतो तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

आणि भवानीबाई पुढे सरकल्या. प्लास्टिकचा पट्टा त्यांच्या पायाबरोबर सरकला, मधली चिकटपट्टी सुटली, पन्ह्याचे पेले भरलेलं तबक हाती घेऊन उभी असलेली सून प्रियांका डुलली आणि तबक आडवं झालं. भवानीबाईंना चार बायकांनी वरच्यावर धरलं, म्हणून त्या बचावल्या. पन्हं प्लास्टिकवर सगळीकडे पसरलं.

बायका गेल्यावर विश्वासरावांनी प्लास्टिक वरून पुसलं आणि विजयी मुद्रेने अक्कांकडे पाहिलं. "बघितलंस? हे नसतं तर आज आपण संपलो होतो." दुसऱ्या दिवशी राहिलेल्या पाहुण्या येणार होत्या, म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं.

दोन दिवसांनी प्लास्टिक उचललं. सांध्यातून आत गेलेलं पन्हं खालीच कोंडून राहिलं होतं, वाळायलाही त्याला वाव मिळाला नव्हता. गुळाचा चिकटा पाण्याने निघाला. पण खाली परातीएवढा निस्तेज डाग उरला, आणि त्याला धरून हळदीची एक पिवळी शेपूट. प्लास्टिक नसतं तर प्रियांकाने तिथल्या तिथे फडकं फिरवलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती. हे अक्कांच्या लक्षात आलं होतं. त्या बोलल्या असत्या तर विश्वासरावांना सोपं गेलं असतं.

ते डागाशेजारी मांडी घालून बसले. कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी फार पूर्वी पाठवलेला हिंदी संदेश त्यांना आठवला: संगमरमर के जिद्दी दाग, सिरका और मीठा सोडा, रगड़िए और चमत्कार देखिए. सिरका कुठे मिळतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. प्रियांकाने नूडल्ससाठी आणलेली व्हिनेगरची एक बाटली अक्कांनी काढून दिली. त्यांनी सोडा पसरला, वर बाटली ओतली. फसफसून फेस आला. विश्वासरावांचा चेहरा उजळला. "घाण बाहेर पडतेय!" ते ओरडले आणि उरलेली बाटलीही ओतली.

फेस पुसल्यावर परातीएवढा डाग सतरंजीएवढा झालेला होता.

त्यांनी इंदूरला फोन लावला. प्रियांकाने सगळं ऐकून घेतलं आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाली, "बाबा, सिरका म्हणजे ॲसिडच ना. लिंबापेक्षा कमी नसतं ते."

ज्या माणसाने तीन वर्षं पाहुण्यांना लिंबू दिलं नव्हतं, त्याने स्वतःच्या हाताने बाटलीभर ओतलं होतं. विश्वासराव त्या दिवशी जेवले नाहीत.

पुसून जाणारं हे प्रकरण नव्हतं. दगडाची वरची कातडीच गेली होती, ती आता मशीनने घासूनच सारखी करायची. धामनोदचा फत्तेसिंग त्याचं यंत्र घेऊन आला. हायवेवरच्या निम्म्या ढाब्यांच्या फरशा त्याने घासल्या होत्या, आणि प्रत्येक ढाब्याची हकिगत सांगितल्याशिवाय त्याचं यंत्र सुरू होत नसे. चहा तीनदा झाल्यावर ते सुरू झालं. हॉलमध्ये पांढरा चिखल वाहू लागला. विश्वासरावांना तो आवाज ऐकवेना. आपल्या दातांवर कुणी काम करतंय असं त्यांना वाटे. अक्कांनी त्यांची बॅग भरली. "धारला जाऊन या. बाईसाहेबांची माफी तरी मागा."

धारला माफी मागून झाली. भवानीबाईंनी मोठ्या मनाने क्षमा केली आणि जेवायला वाढलं. पण रिकाम्या वेळात विश्वासरावांची नजर स्वयंपाकघराच्या काळ्याभोर ओट्यावर गेली.

"हा ग्रॅनाईट आहे ना, बाईसाहेब?"

"मग? अस्सल. मागच्याच आठवड्यात बसवलाय."

"काळा संगमरवरही असतो. ग्रॅनाईट म्हणून गळ्यात मारतात. ओळखायची एक रीत आहे." आणि बोलता बोलता त्यांनी परडीतलं लिंबू उचललं, कापलं आणि ओट्याच्या ऐन मधोमध चार थेंब पिळले. थोड्या वेळाने पुसलं. काळ्या चकाकीत राखाडी चट्टा स्वच्छ उठून दिसत होता.

"बघा!" विश्वासराव आनंदाने म्हणाले. "संगमरवर! ग्रॅनाईट नाहीच हा. तुम्हाला फसवलंय!"

भवानीबाईंनी चट्ट्याकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. विश्वासरावांना आठवडाभर राहायचं होतं. दुपारच्या बसने ते देवासला परत निघाले. डबा मात्र बाईसाहेबांनी बरोबर दिला होता. कोरड्या भाजीचा.

घरी पोचले तर फत्तेसिंग यंत्र गाडीत चढवत होता. हॉल धुऊन स्वच्छ झाला होता. डाग नव्हता. चकाकीही नव्हती. फरशी दुधावरच्या सायीसारखी मऊ पांढरी दिसत होती आणि तिच्यात ट्यूबलाईट वाचता येत नव्हती.

"चमक कुठाय?" विश्वासरावांनी विचारलं.

"अक्काने मना किया," फत्तेसिंग म्हणाला. "मॅट करवाया। बढ़िया रहता है, भिया। मानपूर वाले ढाबे पे भी..."

विश्वासराव अक्कांकडे वळले. अक्का दारात उभ्या होत्या. "चकाकी गेली तरच डाग पडल्याचं दिसतं," त्या म्हणाल्या. "आता जायला ती नाहीच. वरून काही मुरू नये म्हणून सीलरही मारून घेतलाय. मला या घरात माणसं यायला हवी आहेत, अहो. आणि तुम्ही रागावणार असाल तर आत्ताच रागावून घ्या, मला कणीक मळायची आहे."

ते रागावले नाहीत. दोन दिवस ते फरशीवरून पाहुण्यासारखे चालले. तिसऱ्या दिवशी शेजारी डोकावला आणि फरशीला काय झालं म्हणून विचारलं. विश्वासरावांनी घसा साफ केला. "हिला मॅट फिनिश म्हणतात. परदेशात आता हेच चालतं. मी मुद्दाम करवून घेतलं." स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला; तेवढंच.

त्यानंतर त्यांची कीर्ती पसरली. कुणाच्या जिन्यावर गंजाचा डाग पडो, कुणाची कोटा फरशी काळवंडो, माणसं विश्वासरावांना विचारू लागली. ज्याने एवढं सगळं बिघडवलं, त्याला सगळं ठाऊक असणार असा लोकांचा हिशेब होता, आणि तो फारसा चुकीचा नव्हता. मे महिन्यात टोंकखुर्दच्या एका जुन्या सहकाऱ्याने नव्या घराचा दगड निवडायला त्यांना बोलावून नेलं, समोर बसवून आमरस वाढला आणि त्यांचं म्हणणं ऐकून शेवटी टाइल्स लावायचं ठरवलं.

भर दुपारी ते घामाघूम होऊन परतले. हॉलमध्ये पडदे ओढलेले होते, पंखा मंद फिरत होता आणि अक्का उघड्या फरशीवर झोपल्या होत्या. चटई नाही, उशी नाही. गाल सरळ दगडावर टेकलेला. केसांना सकाळीच खोबरेल तेल लावलेलं होतं, हे विश्वासरावांना लांबूनच दिसलं. सीलर असला तरी तेल हळूहळू मुरतं, हेही त्यांना आठवलं. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याचा लेप द्यायचा, वर प्लास्टिक, एक दिवस तसंच ठेवायचं. सिरका नाही. ते चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात गेले आणि सोड्याचा डबा काढला. बराच भरलेला होता.

डबा घेऊन ते परत आले. अक्कांना हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. क्वार्टरांतल्या तीस-पस्तीस वर्षांत त्यांनी अक्कांना कधी दुपारी जमिनीवर पाठ टेकताना पाहिलं नव्हतं. जमीन टेकण्यासारखी नव्हतीच.

त्यांनी डबा खुर्चीवर ठेवला, पंखा एक घर वाढवला, सदरा काढला आणि पलीकडच्या बाजूला आडवे झाले. दगड गार होता. पाठीखाली गारवा पसरत गेला, आणि एवढ्या वर्षांत तो आपण हाताशिवाय कुठे अनुभवलाच नव्हता हे त्यांच्या ध्यानात आलं.

"घामाचा डाग पडतो का हो?" डोळे न उघडता अक्कांनी विचारलं.

"पडतो," विश्वासराव म्हणाले आणि कुशीवर वळले.