हूटर वाजला तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझं काही तिच्यापासून लपत नाही असं ती चारचौघांत सांगते. तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका.

माझा हात जड आहे. लहानपणी लखनौच्या महानगर मोहल्ल्यातल्या घरी धाकट्या भावाचा दात पाडला होता. वडील सरकारी नोकरीत नागपूरहून लखनौला आले, मी इथल्या 'आप-आप'मध्ये वाढलो, पण हाताला काही ती अदब आली नाही. भावाचा दात मी हसत सांगतो. एक थप्पड मात्र हसून सांगता येत नाही.

तेलीबागच्या पुढे बटाट्याचं एक कोल्ड स्टोरेज आहे. तिथला थंडावा अमोनियावर चालतो. मी तिथे कॉम्प्युटरवर होतो, दिनेशभैयांच्या हाताखाली. गॅस गळला की हूटर वाजवणारा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला, पर्ल या कॉम्प्युटरच्या भाषेत. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आणि पर्ल मला शिकवली तीही त्यांनीच. तिच्यात प्रत्येक पॅकेजची एक सिम्बल टेबल असते — कोणत्या नावाखाली कोणता कोड, याची यादी. चेंबरच्या चाव्यांची फळी असते ना, तसंच. खिळ्यावरचा नंबर तोच ठेवून खालची चावी बदलायची. मूळ फाइलला हातही लावायचा नाही, आणि बदल प्रोग्राम चालू असताना होतो. टेस्टिंगला फार कामाचं. भैया बजावायचे, ओळीच्या आधी 'local' हा एक शब्द लिहायला विसरू नकोस, म्हणजे तुझं काम आटोपलं की जुनी चावी आपोआप परत लागते.

मी रोजच्या रिपोर्टची फाइल लिहीत होतो; तीही त्याच प्रोग्राममध्ये चालायची. दर टेस्टला हूटर बोंबलायचा, पल्लेदार पाठीवरची पोती टाकून बाहेर पळायचे, आणि मग मला आयाबहिणींवरून शिव्या. म्हणून माझ्या फाइलीत एक ओळ घातली — भैयांच्या पॅकेजमध्ये हूटरच्या नावाखाली रिकामा कोड. तो एक शब्द लिहिला नाही. का? कंटाळा. दुसरं काही नाही. आणि ओळ काढायची राहून गेली.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला व्हॉल्व्ह फुटला. हूटर गप्प. रामसजीवन नावाचा पल्लेदार आत होता. त्याला ओढून बाहेर काढला तेव्हा तो नखांनी स्वतःचे डोळे ओरबाडत होता, तोंडातून रक्ताचा फेस येत होता. सगळे त्याच्यावर बादल्यांनी पाणी ओतत होते. आणि मी? मी ऑफिसात गेलो, ती ओळ पुसली, प्रोग्राम पुन्हा चालू केला. मिनिटही लागलं नाही.

मग ते आले — वीसेक पल्लेदार, पोती ओढायचे लोखंडी हुक हातात. हूटर कुणाचा, म्हणाले. भैया पुढे झाले. माझा कोड बरोबर आहे म्हणाले, आणि सिद्ध करायला टेस्टचं बटण दाबलं.

हूटर वाजला. कानठळ्या बसतील असा वाजला. आता वाजतो, मग तेव्हा का नाही? सगळ्यांना एकच अर्थ दिसला — यानेच बंद करून ठेवला होता. भैया माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी आठवत होते.

"यार, टेबल में किसी ने —"

वाक्य पुरं व्हायच्या आत मी मारली. उजव्या हाताने, डाव्या कानावर, अंगातलं सगळं बळ लावून. वर ओरडलो, "आदमी मर रहा है और तुम बहाना बना रहे हो?" त्यांना जन्मात पहिल्यांदा 'तुम' म्हणालो.

बस्स, गर्दीला तेवढंच हवं होतं. खुर्ची, लाथा, हुकांचे दांडे. बरगडी मोडते तेव्हा आवाज होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात — इथे दोर चोरानेच ओढला. भैया खाली पडल्यावर मी आणखी एक लाथ घातली. तिची गरजच नव्हती, त्यांचं तोंड केव्हाच बंद झालं होतं. आणि खरं सांगू? घालताना बरं वाटलं.

रामसजीवन जगला, पण आंधळा होऊन. भैयांची नोकरी गेली. डाव्या कानाचा पडदा फाटला तो कायमचा. त्यांनी माझं नाव कधीच घेतलं नाही. ओळ पुसलेली, मग सिद्ध काय करणार? की आणखी काही होतं त्यांच्या मनात? मी विचारलेलं नाही.

मागच्या महिन्यात तेलीबागच्या बाजारात समोर आले. टळलं नाही, म्हणून बोललो, "भैया, उस दिन —" आणि अडलो. पुढचं आपल्यालाच ऐकू आलं नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी मान वळवली, उजवा कान माझ्यापुढे आणला आणि वाट बघत उभे राहिले. सब्जीवाला मटार तोलत होता, मागे कुणीतरी हॉर्न देत होतं, आणि ते तसेच कान देऊन उभे होते.

"कुछ नहीं, भैया," मी त्या कानात म्हणालो, आणि मटार घेऊन घरी आलो.