आधी पाय, मग जेवण

वडील निवृत्त सुभेदार, वर्षभर अंथरुणाला खिळलेले. त्यांना भेटायला एक निवृत्त लेफ्टनंट जनरल आमच्या घरी आले. खुर्ची सोडून ते पायथ्याशी बसले आणि पांघरूण सारून वडिलांचे पाय निरखू लागले.

“साहेब, राहू द्या,” वडील संकोचले.

“मी नवा लेफ्टनंट असताना तुम्हीच शिकवलंत, सुभेदारसाहेब. लांब चालून आलं की आधी जवानांचे पाय बघायचे, मग आपलं जेवण.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, टाच लाल झालीय, पडून पडून जखम होईल. पोटरीखाली उशी द्या, टाच टेकू देऊ नका.”

मला ते दिसलं नव्हतं. पुढे बटालियन, ब्रिगेड, हजारो जवान सांभाळलेल्या माणसाला दिसलं. मी मनोमन त्यांचे आभार मानले.

ते गेल्यावर वडील हळूच म्हणाले, “पोरगं चांगलं निघालं.”